दारावरचे मामा

परभणी जिल्ह्यात हृदयाबद्दल बोलण्याचा संपूर्ण हक्क माझ्या बायकोच्या मामांनी एकट्याने ताब्यात घेतला आहे, आणि तो परत मागायची हिंमत अजून एकाही डॉक्टरला झालेली नाही. मामा जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक, मुक्काम पेडगाव. शाळा सुटली, वर्ग काही सुटला नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस, भाजीवाली, पत्ता विचारायला थांबलेला मोटारसायकलवाला, ज्याच्या छातीत हृदय आहे तो प्रत्येक जण त्यांचा विद्यार्थी. न्हाव्याने गालाला फेस लावला की आता तरी हे थांबतील, अशी दुकानातल्या लोकांना आशा वाटते. मामा फेसातून बोलतात.

विषय एकच, पेशीच्या भिंतीवरचे रिसेप्टर. मामांच्या भाषेत दरवान. "चांगली चरबी रक्तातून आली की हा दरवान तिला वळखतो. आत घेत न्हाई बरं का! दारातच तिचा हात धरतो आन् आत आरोळी ठोकतो. मग पेशी आतल्या आत असं काही रसायन बनवती, की दाह थंड! हृदय आखडत न्हाई!" हे सांगताना ते उठून उभे राहतात, एका हाताने हवेतल्या चरबीचा हात धरतात आणि दुसरा हात तोंडाशी नेऊन अशी आरोळी ठोकतात की गोठ्यात बसलेली म्हैस उभी राहते. ही चांगली चरबी माशांत असते, पण घरात मासे चालत नसल्यामुळे त्यांनी ती जवसात शोधली, आणि तेव्हापासून जवसाच्या चटणीचा डबा त्यांच्या पिशवीतून हलला नाही. सोनपेठच्या एका लग्नात पंगत बसली, बुंदी वाढून झाली, लोक पहिला घास उचलणार तोच मामा डबा घेऊन रांगेत शिरले. "थांबा! आधी दरवान जागा करा, मग बुंदी!" नवरदेवाच्या आत्याने ताट बाजूला सारलं. "गोडाच्या आधी तिखट? ओ पाव्हणं, आमचा मान करायलाव का सूड घ्यायलाव?" वरपक्षाचा रुसवा काढता काढता मांडवात चहाची वेळ झाली. मामांनी निघताना त्या आत्याच्याच हातात चटणीची पुडी ठेवली. "राग आला की हृदयाला जास्त लागती," म्हणाले.

या सगळ्या तमाशाचं मूळ मामींच्या छातीत होतं. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम लागू लागला, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून सांगितलं की हृदय आखडायला लागलं आहे. गोळ्या चुकवू नका, मीठ कमी करा आणि रोज चाला. गोळ्या मामींनी पत्करल्या. मीठही सोडलं. चालायला मात्र साफ नकार. "गावात बाईमाणूस बिनकामाचं चालायला लागलं की धा जण विचारतेत, कुठं निघालाव? काय सांगू, कुठंच न्हाई? लोक मला येडी मनतेल." मामांनी विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतः जवस भाजून गुळात लाडू वळले, आणि रोज दुपारी एक लाडू, सोबत दरवानावर व्याख्यान, असा उपचार सुरू केला.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पेडगावला गेलो होतो. उन्हं कलल्यावर मामी पदराखाली काहीतरी घेऊन निघाल्या. मी सोबत निघालो तर त्या दचकल्या, पण जावयाला नको कसं म्हणणार! गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाखाली एका मेंढपाळ बाईची शेळी बांधलेली होती. नवरीसारखी चकाकत होती. मामींनी पदरातून लाडू काढला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"जवसाच्या वासानंच मला मळमळतंय, जावईबापू. उकिरड्यावर टाकलं तर त्यांना दिसतंय. ही बया कुणाला सांगत न्हाई." मग शेळीचे कान कुरवाळत म्हणाल्या, "तुमी बी सांगू नका. त्यांचा लय जीव हाय त्या लाडवात."

मामी शेळीवालीशी बोलत बसल्या, मी पुढे घरी आलो. मामा दारातल्या दगडावर बसले होते. "नवा एको चांगला आला, कळलं का? दरवान कामाला लागलेत!" मी हसू दाबायची शिकस्त केली. मामांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"शेळी बघून आलाव?"

मी चपला काढायला खाली वाकलो.

"मला लय दिवसापास्नं ठावं हाय. शेळीवाली माझीच इद्यार्थिनी."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"बोललो तर बिचारी नाक धरून लाडू खाईल, आन् तिचं चालणं बंद पडंल. आता कुणी विचारलं तर तिला सांगायला काम हाय की, शेळीकडं जायलेय मनून." मग डोळा मिचकावला. "जवस मी भाकरीच्या पिठात दळून आणतो. नाकाला पत्ता लागणार न्हाई इतकंच."

यावर एक दणदणीत व्याख्यान येणार म्हणून मी सावरून बसलो. आलं नाही. मामा रस्त्याकडे बघत राहिले. ऊन भिंतीवरून उतरलं, मेंढरं घराकडे परतली, धूळ बसली. "आज येळ लावला," ते एवढंच म्हणाले. त्यांचा एक हात स्वतःच्याच छातीवर होता आणि तो तिथं आहे हे त्यांना ठाऊक नसावं.

तेवढ्यात वळणावर मामींचं हिरवं लुगडं दिसलं. सावकाश, पण न थांबता येत होतं. मामा जागचे हलले नाहीत. फक्त मान घराकडे वळवली, हात तोंडाशी नेला आणि माझ्या बायकोला आरोळी ठोकली, "आली गं! चहा ठेव!"

गोठ्यातली म्हैस उभी राहिली.