मसराम सरांची माय आणि उसने देव

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से साचत जातात, त्याला इलाज नाही. बदली होऊन गेलेल्या लोकांचे चहाचे कप जसे कपाटावर पडून असतात, तसेच ते. कोणी नेत नाही, कोणी फेकत नाही. आमची शाळा सडक अर्जुनीत, हायवेला लागून. ट्रकनं हॉर्न मारला की वर्गात अर्धं वाक्य गिळावं लागतं. स्टाफरूममध्ये मात्र कोणीच काही गिळत नाही!

तिथले आम्ही तिघं. मी कापगते, इतिहासवाला. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही, हे बायकोचं मत आहे आणि ते खरं आहे. दुसरे विज्ञानाचे पाटले सर. घरची धानाची शेती, त्यामुळे आवाज खळ्यावरचा. आणि तिसरे गणिताचे मसराम सर, जे दिवसभरात बोलतात त्याच्यापेक्षा जास्त फळ्यावर लिहितात. मागच्या साली दसरा ते नाताळ या दिवसांत आमच्यात जे झालं, ते सांगतो. हसायचं तिथं खुशाल हसा. मला त्या वेळी जेवण गोड लागत नव्हतं.

* * *

सुरुवात पाटल्यांनी केली. त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी काहीतरी पाठवलं होतं, आणि पाटल्यांना मनात वाचता येत नाही.

"ऐका जी मसराम सर! पंचवीस डिसेंबर हा रोमन लोकायच्या सूर्यदेवाचा दिवस. ते झाड जर्मनीतल्या जंगलवाल्यायचं. मांडीवर लेकरू घेतलेली माय इजिप्तची. मंग तुमचं सोताचं का हाय?"

मसराम सर ख्रिस्ती. मूळचे गोंड, पण मायनं वीसेक वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, तिच्यामागून यांनी. ते वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढ्या वह्या होऊ द्या, मग सांगतो."

पाटले माझ्याकडे वळले. "इतिहासवाले, तुमी बोला ना!"

झालं! मला तर कोणी विचारायचीच वाट असते. मी सांगितलं की तारखेबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी म्हणतं सूर्याच्या सणावरून घेतली, कोणी म्हणतं त्यांनी स्वतःचा हिशोब करून ठरवली. झाड तर फारच उशिरा आलं. इजिप्तची मूर्ती आणि मेरीचं चित्र सारखं दिसतं, पण दिसणं वेगळं आणि घेणं वेगळं. घंटा होईपर्यंत बोललो.

पाटले म्हणाले, "मंजे तुमालेबी नाई माईत!"

सगळे हसले. मसराम सरांनी पेनाला टोपण लावलं.

"माझी माय आजारी आहे," ते म्हणाले. "बाबाच्या बाजूला मातीत जायचं म्हणते. गाव नकार देऊन राहिलं. तुमचा देव बाहेरचा आहे, तुम्हाले आमच्या मसणात जागा नाही, म्हणते. तर सर, बाहेरचं कुठं संपते अन् आतलं कुठून सुरू होते, तेवढं सांगा मले. बाकीचं राहू द्या."

 चहा उतू गेला, तरी कोणी उठलं नाही.

* * *

त्यांचं गाव पळसटोला, चिचगडच्या पुढं, जंगलात. बाप जुन्याच रीतीनं गेला होता, मोहाच्या झाडाखाली त्याला पुरून वर दगड उभा केलेला. गोंडांमध्ये पुरायची रीत आधीपासूनचीच. म्हणजे मायला काही नवीन करायचं नव्हतं. फक्त नवऱ्याच्या शेजारी जागा हवी होती.

पण त्या मसणवटीत कोणाला जागा द्यायची ते ठरवायचा मान सुकरामचा. सुकराम म्हणजे मसराम सरांचा सख्खा काका, मायचा दीर. गावाची पूजा तोच करतो. वहिनीनं बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोललेला नाही. घरं समोरासमोर!

* * *

आता पाटल्यांचं ऐका. दिवाळीनंतर त्यांच्या खळ्यावर धान मळून झालं आणि त्यांनी आम्हाला बोलावलं. धानाची रास लागलेली. पाटल्यांनी राशीभोवती राखेची रेघ ओढली, वर विळा खोचला आणि राशीच्या पोटावर राखेनं मोठी फुली काढली. एक उभी रेघ, एक आडवी.

मसराम सरांनी वाकून फुलीकडे पाहिलं.

"पाटले सर, हे आमच्याकडून घेतलं का?"

"काऊन? माह्या आज्याच्या आज्यापासून हाय हे! रास चोरीले जाऊ नये म्हनून काढतात."

"असं का. मग आम्हीच तुमच्याकडून घेतलं असन."

पाटल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी मोबाइलवरचं मोठ्यानं वाचणं बंद केलं. उलट दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चला, मायले भेटून येऊ."

* * *

माय अंगणात खाटेवर उन्हात पडली होती. हाडांची मोळी झालेली, पण डोळे लखलखीत. समोर, रस्त्याच्या पलीकडे, सुकराम आमच्याकडे पाठ करून दोर वळत बसला होता.

दाराच्या चौकटीवर लाकडाचा क्रूस होता आणि त्याच्या खाली धानाच्या लोंब्यांचा झुबका टांगलेला. पाटल्यांनी मला कोपर मारलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं, तरी त्यांनी विचारलंच.

"माय, क्रुसाखाली हे धान कायले?"

"नव्याचं हाय. सासूनं शिकवलं मले. पह्यलं पीक देवाले दाखवाचं, मंग खायाचं."

"पन कोनत्या देवाले?"

"ज्यानं पिकवलं त्याले," माय म्हणाली. "तू पिकवतेस का?"

पाटल्यांची धानाची शेती! ते खाली बघून चप्पल झटकायला लागले.

मग माय आपणहून बोलत राहिली. दर साली दसऱ्याच्या सुमाराला ती नव्या तांदळाचा भात रांधायची. प्रार्थना करायची, आणि पहिला भात पळसाच्या पानावर घालून समोर दिराच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. सासू असताना तसंच होतं, म्हणून तिनं सोडलं नाही.

"तो खातो का?" मी विचारलं.

"बोलत नाई, त खाईन कसा बापा? कावळ्याले टाकत असन."

थोडं थांबून म्हणाली, "या साली उठनंच झालं नाई. लोंब्या पोरानं टांगल्या. पन नवं रांधलं नाई, धाडलं नाई. तेवढं राहून गेलं."

 हे सांगताना ती समोरच्या ओट्याकडे बघत होती. मसराम सर उठून विनाकारण गाईचं दावं घट्ट करायला गेले.

* * *

आता माझी फजिती. लपवून काय उपयोग!

पळसटोल्यात मसणवटीतल्या जागेसाठी रविवारी दुपारी बैठक भरली. मसराम सरांनी आम्हाला जाणकार म्हणून नेलं होतं. मी तर रीतसर टिपणं काढली होती. मनात म्हटलं, आज विद्या कामाला येणार. लोकांना पटवायचं की ख्रिस्ती धर्म म्हणजे काही आकाशातून पडलेली परकी वस्तू नाही. त्यानंही इकडून तिकडून घेतलंय, जुन्या लोकांचे सण घेतले, जुन्या रीती घेतल्या. म्हणजे तो तुमच्यासारखाच आहे!

उभा राहिलो आणि बोललो. उदाहरणं दिली. लोक शांत ऐकत होते, मला वाटलं जिंकलो.

मागून एक तरणा गडी उठला. "मंजे हे सगळ्यायचं उचलतात, असंच ना गुरुजी? रोमचं उचललं, जर्मनीचं उचललं. आता आमचं मसन उचलाले आले!"

एकदम गलका झाला. दोघंतिघं उभे राहिले. एकानं मसराम सरांच्या खांद्याला धक्का दिला, पाटले मध्ये घुसले. माझ्या हातातली टिपणं खाली पडली, ती उचलायचंही मला सुचेना. 

सुकराम पुढंच बसला होता. त्यानं नुसता हात वर केला आणि गलका थांबला.

"गुरुजी, उसनं घेतलं त वापस बी करा लागते," तो म्हणाला. "यायनं कोनाचं का वापस केलं, ते सांगा."

 एवढी पुस्तकं वाचली, पण कोणी काय परत केलं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"अजून बाई जिती हाय," सुकराम उठत म्हणाला. "जित्या मानसाच्या मातीचं बोलू नये." बैठक मोडली. ना हो म्हटलं, ना नाही.

परतताना वाटेत देवरी गाव लागलं तेव्हा मसराम सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सर, तुम्ही चांगलं बोलले. फक्त आमच्या बाजूनं नाही बोलले."

असं वाटलं, गाडीतून उतरून पायी घरी जावं. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या जी, तुमचा पिरियड आहे." बास, एवढंच.

* * *

डिसेंबर लागला. आमच्याकडचं प्रार्थनाघर म्हणजे टिनाचं शेड, आणि त्याच्यावर दर नाताळला लागणारी चांदणी म्हणजे पाटल्यांचा दिवाळीचा आकाशकंदील. कितीतरी सालांपासून हे चालू होतं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. या साली मात्र कोणीतरी पाटल्यांना बाजारात अडवलं. "तिकडं कंदील देऊ नका, वातावरण ठीक नाही. सोच लो."

 पाटले तोंडाळ, पण घरदार, शेती, सगळं इथंच. ते नाही म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता.

दुपारी शाळा सुटल्यावर पाटले स्वतः शिडी घेऊन गेले. भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, शेडवर चढून कंदील बांधला. खाली चारपाच जण उभे होते, तोंडं वाकडी करून. एकानं विचारलंच, "का जी, दिवाळीचा कंदील इथी?"

"बल्ब तोच हाय," पाटले वरून ओरडले. "पाहा, उजेड बदलला का!"

शिडी मी धरली होती. 

* * *

आता शेवटचं.

नाताळाला चार दिवस होते. सकाळी प्रार्थनेनंतर पहिला तास सुरू झाला आणि मसराम सरांचा फोन आला. "माय गेली." पाटल्यांनी जीप काढली. चिचगड मागं टाकून आम्ही दोघं पळसटोल्याला पोचलो.

मसणवटीच्या तोंडाशी गावातले गडी आडवे उभे होते. हातात काठ्या नव्हत्या, पण वाट बंद होती. अलीकडे तिरडी खाली ठेवलेली. प्रार्थनाघरातली सातआठ माणसं आणि मसराम सर. ऊन चढत होतं. कोणीतरी म्हणालं, गोंदियाला न्या, तिथं तुमची जागा आहे. मसराम सर म्हणाले, "तिथं बाबा नाही."  मी इतिहासाचा मास्तर, या वेळी तोंड बंद ठेवून उभा होतो.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि सुकराम आला. खांद्यावर कुदळ. तिरडीजवळ येऊन थांबला. वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुतण्याकडे वळला. इतक्या सालांत पहिल्यांदा त्या घराशी बोलला.

"बाईनं या साली नवं नाई धाडलं."

मसराम सरांना काही समजेना. "काका, ती उठलीच नाही दसऱ्यापासून..."

"मी नवं खाल्लं नाई अजून," सुकराम म्हणाला.

गावातले गडी एकमेकांकडे बघायला लागले. डिसेंबर संपत आलेला. गावभर नव्या तांदळाचा भात शिजत होता. आणि गावाची पूजा करणारा माणूस जुनाच तांदूळ खात होता!

मसराम सर वळले आणि पळत सुटले. त्या माणसाला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. परत आले तेव्हा धाप लागली होती आणि हातात क्रुसाखालच्या लोंब्या होत्या.

सुकरामनं त्या घेतल्या. तळहातावर चोळल्या, फुंकर मारून फोल उडवलं. चिमूटभर दाणे वहिनीच्या ओठांवर ठेवले. उरलेले स्वतःच्या तोंडात टाकले आणि डोळे मिटून सावकाश चावले.  दाणे चावल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मग त्यानं धोतर वर खोचलं. आडव्या उभ्या गड्यांमधून सरळ आत गेला, भावाच्या दगडाच्या बाजूला उभा राहिला आणि कुदळीचा पहिला घाव घातला.

"नवं खाल्लं," तो गड्यांना म्हणाला. "आता खना."