भिंतीवरचं सफरचंद

भिंत पडली तेव्हा आवाज फार झाला नाही. पांढऱ्या मातीची भिंत धडाम करत नाही, बसते. लठ्ठ बाई दमून खाली बसावी तशी. मी परसात आडावर होते. घागर काठापर्यंत आली होती, ती हातातून सुटून परत आत गेली. वळून पाहिलं तर बाळंतिणीच्या खोलीची मागची भिंत जागेवर नव्हती. धूळ होती आणि धुळीपुढं माझे सासरे उभे होते, हातात ओलं गोणपाट घेऊन. भिंतीला तारांनी बांधलेली त्यांची सफरचंदाची दोन झाडं आत ओढली जाऊन आडवी झाली होती.

आत माझी नणंद होती, बारसं न झालेली तिची पोर होती आणि सासूबाई होत्या. पोरीचं रडणं ऐकू येत नव्हतं. मी तेवढंच ऐकत होते.

मामंजी जालन्यात एका जिनिंगमध्ये मिस्त्री होते. जिनिंगच्या साहेबाच्या बंगल्यावर ते पंप दुरुस्त करायला जायचे. तिथं त्यांनी भिंतीवर चापट बसवलेली झाडं पाहिली. झाड वाढतं तसं वाढू द्यायचं नाही. बुंधा गुडघ्याइतका झाला की शेंडा छाटायचा, मग दोन फांद्या निघतात त्या एक डावीकडे, एक उजवीकडे तारेवर आडव्या बांधायच्या. पुढल्या वर्षी त्यावर आणखी एक थर. समोरून फुटलेलं सगळं नखानं खुडून टाकायचं. झाड भिंतीवर काढलेल्या चित्रासारखं दिसतं. जागा वीतभर लागते. आमचं परसही तेवढंच होतं. आड, धुण्याचा दगड आणि भिंतीपर्यंतची एक पट्टी.

निजाम जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी बंगळूरकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून सफरचंदाची दोन कलमं आणवली. आमच्याकडं मोसंबी होते, डाळिंब होतं, चिंच तर कुठंही. पण मामंजींना सफरचंदच पाहिजे होतं. भिंतीत त्यांनी बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, तार ताणली आणि सुतळीनं फांद्या बांधल्या. सुतळी ढिली पाहिजे, आवळली तर साल कापते, हे त्यांनी मला शिकवलं. हात त्यांचा चांगला होता, हे मान्य करते. बंगल्यावरून त्यांनी सगळी विद्या आणली. बंगल्याची भिंत दगड-चुन्याची होती, ती तेवढी आणता आली नाही.

आमची भिंत पांढऱ्या मातीची. दरवर्षी शेणमातीनं लिंपली की उभी राहायची. तिला एकच गोष्ट चालत नाही, पाणी. आणि सफरचंदाला आमचं ऊन चालत नाही. पहिल्या उन्हाळ्यात पानं करपली, तेव्हा मामंजींनी भिंतीवर गोणपाटं टांगून ती ओली ठेवायला सुरुवात केली. मागून भिंत गार, पुढून गोणपाट गार, मधे झाड. झाडं जगली. पावसाळ्यात नवी पानं आली तसे मामंजी गल्लीभर सांगत फिरले.

शेजारच्या काकू यायच्या, कमरेवर हात ठेवून बघायच्या.

"दोन बाळंतिणी हायेत म्हना की तुमच्या घरात," असं त्या पुढं नणंद बाळंत झाल्यावर म्हणाल्या. "एक आत, एक भाहेर. भाहेरच्या बाळंतिणीची बडदास्त जास्ती हाये."

"काश्मीर पाह्यला का तुम्ही?" मामंजी म्हणाले.

"न्हाई पाह्यला. तुमच्या परसात दिसंल म्हनून तं आले."

हसणं झालं. पण त्या दिवशी मी भिंतीला हात लावून पाहिला होता आणि मला हसू आलं नव्हतं. भिंतीला खाली लोणा फुटला होता. बोट लावलं की पांढरं पीठ पडायचं. खुंट्यांच्या भोकांतून पाणी आत मुरत होतं. आधी मी बोटाच्या पेरानं ठोकलं की भिंत टणक बोलायची. आता बद्द बोलत होती. मी रोज ठोकून बघू लागले, सकाळी झाडताना, दुपारी भांडी घासून झाल्यावर. एकदा नख दाबलं तर नख आत गेलं.

मामंजींना सांगितलं. "मामंजी, भिंत भिजून राह्यली. बाळंतीण हाये आत."

"भिंत हाये ती, भाकर न्हाई भिजून तुटायला," ते म्हणाले. "फुलं आलीत. आत्ता पानी तोडलं तं बिलकुल गळून जातील. जरा दम धर. फळ धरलं की गोणपाटं काढून टाकतो."

खरंच फुलं आली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच. पांढरी, कडेला गुलाबी. झाडांनी सगळं सोडून तोच चैत्र निवडला.

माझे मालक तेव्हा मनमाडला नोकरीला होते. घरात बोलायला सासूबाई राहिल्या. त्यांचं तर वेगळंच होतं. आमच्याकडं पाचवीच्या संध्याकाळी सटवाईची पूजा करतात. पाटा मांडायचा, आणि बाळंतिणीच्या बाजेच्या उशाला भिंतीवर कुंकवाची बोटं ओढायची. सटवाई रात्री येऊन पोराच्या कपाळी लिहून जाते. ती ज्या जागी आली, तिथून बाराव्यापर्यंत बाज हलवायची नाही. उशाची भिंत तीच होती, सफरचंदाची.

पाचवी झाली आणि दोन दिवसांत कुंकवाची बोटं फुगली, पसरली, खाली ओघळली.

"सटवाई खूश हाये," सासूबाई म्हणाल्या. "बघ, बोटं मोठी झाली."

"ओल आलीये, आत्याबाई. सटवाईचं काही न्हाई त्यात."

"तोंड सांभाळ जरा."

नणंद आतून म्हणाली, "वैनी, माझ्या डोक्याला गार लागून राह्यलं. पोरीचं टोपडंबी दमट झालं."

"आत्याबाई, बाज त्या दाराकडं घेऊ. नुस्ती चार हात."

"बाराव्यापर्यंत न्हाई म्हनलं ना. सटवाई वापस आली न् जागा सापडली न्हाई तं?"

"मंग मामंजींना पानी बंद करायला सांगा."

"मी सांगू? तीस वर्षांत ऐकलं का त्यांनी माझं काही? तूच सांग. सुनेचं ऐकतेत ते."

असं माझं येणंजाणं चालू होतं. परसात जाऊन सांगायचं, ते फुलं दाखवायचे. आत जाऊन सांगायचं, त्या कुंकू दाखवायच्या. दोघांचंही काही ना काही जपायचं होतं आणि दोघांच्या मधे एक भिंत होती. मला जेवण जाईना. हातातलं काम टाकून मी खोलीत डोकावायची, भिंतीकडं बघायची. फुगवटा कालच्यापेक्षा मोठा दिसतो की मलाच तसं वाटतं, ते कळायचं नाही. मी विळ्यानं फुगवट्याच्या कडेला एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रेघेवरचं लिंपण खाली पडलं होतं, रेघेसकट.

तो पोपडा मी सुपात घालून सासूबाईंच्या पुढं ठेवला. त्यांनी तो बोटांनी चुरून पाहिला. मग उठल्या, आपली वाकळ घेतली.

"तुला एवढा घोर लागला असंल तं मी झोपते मधी," म्हणाल्या. "बाज हलवायची न्हाई म्हंजे तोंड फिरवायचं न्हाई. जराशी सरकवली तं सटवाईला काय कळतंय? ती बी बाईच हाये."

नणंद हसली. आम्ही तिघींनी मिळून बाज दाराकडं सरकवली. उशी भिंतीकडंच, पण मधे आता एका माणसाची जागा झाली. तिथं सासूबाईंनी वाकळ टाकली. त्या दिवसापासून त्या तिथंच झोपायच्या, रात्रीही आणि दुपारी जेवण झाल्यावरही. मला जरा बरं वाटलं. भिंतीला ठोकणं मात्र मी सोडलं नाही.

तिसऱ्या दुपारी भिंत बसली.

मी परसातून घराला वळसा घालून ओसरीवर आले. खोलीचं दार आत उघडायचं आणि आतून त्याला बाज ढकलली जाऊन टेकली होती. दार वीतभर सरकलं आणि अडलं. मी हात आत घातला. धुळीत बाजेचा पाय हाताला लागला. तेवढ्यात शेजारच्या काकू धावत आल्या, दोघींनी खांदा लावला. काकू देवाचं नाव घेत होत्या, मी शिव्या देत होते.

वरचं मातीचं माळवद पडलं नव्हतं. आमच्याकडं माळवदाचं ओझं लाकडी खांबांवर असतं, भिंत गेली तरी खांब धरून राहतात. वरून माती गळत होती, एवढंच. बाज एका अंगावर कलली होती. नणंद तिच्यावरून घसरून दाराच्या कोपऱ्यात अंगाची कमान करून बसली होती आणि पोर तिच्या पोटाशी होती. दोघी मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या. नणंदेचे डोळे उघडे होते.

"वैनी, ही रडत न्हाई."

मी पोर ओढून घेतली. तिच्या तोंडात बोट घालून माती काढली. नाकातली फुंकून काढली. पाय धरून उलटी केली आणि पाठीवर चापट मारली. पहिल्यांदा काही नाही. काकू म्हणाल्या, "जोरात मार वं." मी जोरात मारली. पोर शिंकली, मग रडली. इतकी रडली की गल्लीतले लोक त्या आवाजावरून आत आले.

सासूबाईंना हाक कुणी मारली नव्हती. मी मारली तेव्हा परसाकडून मामंजींचा आवाज आला. "इकडं हाये. लुगडं दिसून राह्यलं." ते हातांनी माती ओढत होते. त्यांनी आपल्या बायकोला चार लोकांत कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती, त्या दिवशी मारत होते. "अगं ए. अगं बोल ना." लोकांनी फावडी आणली. मधे तारा येत होत्या, तारांना फांद्या बांधलेल्या. मामंजींनीच पक्कड मागितली आणि एकेक तार तोडली. फांद्यांवर फुलं तशीच होती.

सासूबाईंना बाहेर काढलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या. पोरीच्या उशाची कुंकू लावलेली माती त्यांच्या अंगावर होती. ती मी पुसली नाही, तशीच ठेवून मळवट भरला.

झाडं मुळापासून उपटली नव्हती, जगली असती. मामंजींनी दहावा झाल्यावर कुऱ्हाडीनं बुंध्यापाशी तोडली. पाला काकूंच्या शेळ्यांनी खाल्ला. ती जागा भरून आम्ही दगडाची भिंत घातली. मामंजी नंतर पुष्कळ वर्षं होते. झाडाचं कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पुढं कुणीतरी म्हणायचं की सटवाईनं पोरीला राखलं. सटवाईचा नेम पाळून बाज हलवली नसती तर नणंदेचं डोकं भिंतीखाली असतं. बाज सासूबाईंनी सरकवली.

त्या खोलीत त्या दुपारी तिघी होत्या. नणंद वाचली आणि तिची पोर वाचली.