घोंगडीची खुर्ची

पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य गेल्यावर माझ्या काकांनी हर्राजीत, म्हणजे लिलावात, डायनिंगच्या चार खुर्च्या घेतल्या. टेबल घेतलं नाही. ते आमच्या दारातून आत येत नव्हतं. घरात सगळे पाटावर जेवत, त्यामुळे खुर्च्या भिंतीशी शोभेला राहिल्या आणि उंदरांनी बैठकांतला काथ्या उपसून काढला.

खुर्चीची खरी गरज एकाच माणसाला होती. माझी विधवा आत्या, काकांची थोरली बहीण. तिचे गुडघे वाकत नसत. कमरेतून वाकून ती सगळ्यांना वाढी आणि शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून उभ्यानं जेवी. सुती गादीवर बसून जेवणं तिच्या सोवळ्याला चालत नव्हतं, लोकर चाले. म्हणून तिनं पिंगळीच्या धनगरणीकडून लोकर आणि काळी घोंगडी आणवली. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होतो. एका खुर्चीची बैठक आम्ही उचकटली, लोकर भरली. मी घोंगडी ताणून धरली, तिनं चुका ठोकल्या. त्या दुपारी ती बसून जेवली आणि भात दुसऱ्यांदा घेतला. उभ्या माणसाला दुसऱ्यांदा घ्यायचा धीर होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्याच आठवड्यात काकांच्या कचेरीतले नवे साहेब जेवायला यायचे ठरले. काकांच्या अंगावरची शेरवानी गेली होती, डोक्यावर पांढरी टोपी आली होती; साहेब म्हटलं की वाकणारी पाठ तीच होती.

"आक्का, हे काय करून ठेवलीस? लोक म्हणतील, मेंढरं पाळायलेत!"

"साहेबाला तीन ठेव की. एकटा माणूस कितीकांवर बसंल?"

पण काकांना चारी सारख्या हव्या होत्या. त्यांनी घोंगडी ओरबाडून परसात फेकली आणि चारींवर लाल मखमल मारून घेतली. मखमल काही आत्याच्या सोवळ्याला चालणारी नव्हती.

साहेब आले. खुर्च्यांकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "छे छे, आम्ही साधी माणसं," आणि पाटावर बसले. ते गेल्यावरही काका त्यांच्या साधेपणाचं कौतुक करत राहिले. त्या शब्दानं आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते. साधेपणाचा एवढा थाट, आणि आत एका बाईचं ताट पुन्हा खिडकीत!

पण त्या दिवशी आत्यानं खिडकीतल्या ताटात वाढून घेतलं नाही. परसातून घोंगडी आणली, झटकली, मखमलीवर पसरली आणि बत्त्यानं चुका ठोकायला लागली.

"आक्का! मखमल हाय ती!"

"राहू दे आत. मऊ लागंल."

मग ती ताट घेऊन बसली, सावकाश जेवली. काका शेजारी उभेच होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.