बाबांच्या फोटोवरची फवारणी

माझ्या वडिलांना मी त्यांच्या पश्चात, स्वतःच्या हाताने, पांढरं केलं.

दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा. बाबांचा एकच फोटो उरला होता, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. वेंगुर्ल्याच्या फोटोवाल्याने त्यावरून जाड सुती कागदावर मोठा प्रिंट काढून दिला. बाबा अगदी आता शिवी हासडतील असे. बारा वर्षांनी तो चेहरा नीट पाहिला. पितृपक्षात बाबांच्या म्हाळाला सगळे भाऊबंद त्यासमोर हात जोडणार होते.

"वरून संरक्षक स्प्रे मारून देतो," फोटोवाला म्हणाला. "खाऱ्या हवेतही वर्षानुवर्षं टिकेल. त्याचे वेगळे पडतील."

"मिठबावला माझी आंब्याची दोनशे कलमं आहेत. मला फवारणी शिकवतोस? नुसता डबा दे."

अर्धा तास घासाघीस करून (यात मला हरवणारा अजून जन्मायचाय) डबा घेतला. "लांबून मारा, पातळ हात द्या, हवा कोरडी बघून," असं तो मागून सांगत होता. पण जिंकलेला माणूस मागे वळून ऐकतो का? त्याने ओरडून सांगायला हवं होतं.

आंब्याची फवारणी आम्ही पहाटे करतो, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. आणि पान निथळेपर्यंत करतो. म्हाळाच्या आदल्या दिवशी, भाद्रपदाच्या ओल्या पहाटे, मी प्रिंट कलमाला टेकवला आणि बाबांना निथळेपर्यंत फवारलं. पाठीमागूनही.

चहा पिऊन आलो तर बाबा दुधाळ. आंबोलीच्या धुक्यात हरवल्यासारखे. पुसायला गेलो तर मिशी माझ्या रुमालावर आली. मी तिथेच कलमाखाली बसलो. बाबा दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी माझ्यामुळे.

म्हाळाला आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, ऐंशीची. तिने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"ह्यो कोण रे?"

"बाबा."

"मेल्या, बापाशीक पण फवारलंस?"

चेहरा झाकायला तीन हार घातले. अंगणात कावळ्यासाठी पान वाढलं. कावळा माडावर बसून राहिला, खाली येईना. तासभर. कावळा जेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, त्यामुळे भुकेले भाऊबंद माझ्याकडे बघायला लागले.

"कायतरी कबूल करा बघया," बायको म्हणाली.

मी हात जोडले. "बाबा, नवीन प्रिंट काढून घेतो."

कावळ्याने मान फिरवली.

"स्प्रे त्याच्याकडूनच मारून घेतो."

कावळा पंख साफ करायला लागला.

"भाव करूचंय नाय, म्हण," आत्या म्हणाली.

मी पानावरचा वडा कावळ्याला दिसेल असा पुढे सरकवला. पानावरचा भात गार झाला. पोटात माझ्याही कावळेच ओरडत होते. शेवटी म्हणालो, "भाव करणार नाही."

कावळा सरळ खाली आला आणि वडा उचलला.

जन्मभर मी भल्याभल्या दलालांना घाम फोडला. माझा भाव पाडला तो तोंडातून एक शब्द न काढणाऱ्या गिऱ्हाइकाने, आणि वर तो जेवूनही गेला.