एकमेकांकडे पाहणारे हेडलाइट

"हनुवटी जरा खाली. अजून थोडी. हां… आणि आता लाजायचं नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा समोर कोणी मुलगी नव्हती. टेबलावर एका पिकअपचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिरका टेकवून ठेवला होता. पांढरा सदरा घातलेले आणि चष्मा कपाळावर ढकललेले एक गृहस्थ कॅमेऱ्यामागून त्याच्याशी संपूर्ण गांभीर्याने बोलत होते.

"नाना, त्याला हनुवटी नाही," मी म्हणाले.

"मग तू त्याला खाली-वर कसं करतेस?"

"अंशांत. पंधरा अंश, वीस अंश."

त्यांनी कॅमेऱ्यावरून डोके उचलले नाही. "अंशांत सांगून कधी कोणी हसलंय का, सायन्सबाई?"

माझे भौतिकशास्त्र त्या दिवसापासून 'सायन्सबाई' या एका शब्दात जमा झाले.

नाना आयुष्यभर लग्नाचे फोटोग्राफर. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यापासून थेट साक्रीपर्यंत त्यांनी किती लग्ने टिपली याचा आकडा ते दर वेळी वेगळा सांगत, म्हणून मी तो इथे देत नाही. लोकांच्या खिशात कॅमेरे आले आणि जळगावातला त्यांचा स्टुडिओ हळूहळू बंद पडला. त्याच सुमारास आमच्या शेठजींनी आपले गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान ऑनलाइन बाजारात न्यायचे ठरवले. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले. काउंटरवर बसून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचणे हा त्यांचा वारसा. चेहराच न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला माल कसा विकायचा, हे शोधण्यासाठी त्यांनी मला नेमले आणि फोटोंसाठी नानांना. मला पुढे प्रकाशशास्त्रात संशोधन करायचे होते. दुकानामागचे गोदाम ही माझी पहिली प्रयोगशाळा होती आणि ती यशस्वी झालीच पाहिजे, असे माझे मत होते.

नानांचे मत वेगळ्या कारणासाठी तेच होते. त्यांचा मुलगा सुरतेला असतो. दर रविवारी त्याचा फोन येई आणि नाना तो गोदामात, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात घेत.

"नाना, एकटे काय करताय तिथे? या ना इकडे."

"काम आहे."

"अहो, या वयात कसलं काम?"

"मॉडेल उभं आहे समोर. ठेव."

मुलगा चांगला होता आणि सूनही चांगली होती. ते नाना स्वतःच सांगत. "सोन्यासारखी माणसं आहेत. सोफ्यावर बसवतील, चहा देतील, टीव्ही लावून देतील. आणि मी तिथे शोकेसमधल्या बाहुल्यासारखा बसेन." काम असेपर्यंत जळगाव, काम संपले की सुरत, असा बापलेकांत ठराव होता. त्यामुळे क्लच प्लेटचा फोटो काढताना नाना जेवढा जीव ओतत, तेवढा त्यांनी कोणा मंत्र्याच्या मुलीच्या लग्नातही ओतला नसेल.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. धातूचा चकचकीत भाग हा प्रत्यक्षात आरसा असतो. त्यावर थेट दिवा टाकला की फोटोत नुसता पांढरा भडका दिसतो. उपाय म्हणून मी विसरक पडदा, म्हणजे प्रकाश पसरवणारे कापड, मागवण्याची यादी करत होते. नानांनी घरून एक पांढरे शुभ्र कापड आणले, दोन टोके माझ्या हातात दिली आणि दिव्यापुढे धरायला लावले.

"हे काय?"

"अंतरपाट. किती नवरदेव याच्यामागे घाम पुसत उभे राहिले असतील! आता रेडिएटर उभा राहील."

प्रकाश खरोखरच मऊ झाला. मी कापडाची विरलता तपासली, दिव्याचे अंतर ठरवून जमिनीवर खडूने खुणा केल्या. नानांनी त्या खुणांकडे पाहिले आणि विचारले, "इथे सप्तपदी आहे का?" पण त्यानंतर दिवा ते खुणेवरच ठेवत. आमचे असे बरे जमले होते.

फोटो काढून झाला की नाना संगणकापुढे बसत आणि त्यांचा खरा आनंद तिथे सुरू होई. स्टुडिओच्या भरभराटीच्या काळात त्यांची ख्याती होती ती स्थळासाठी पाठवायच्या फोटोंची. मुलीच्या गालावरचा देवीचा व्रण, हनुवटीवरचा तीळ, चष्म्याने नाकावर पाडलेला डाग, सगळे ते आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि नंतर माउसने नाहीसे करीत. "निम्म्या जिल्ह्याची लग्नं माझ्या हातानं जमली," असे ते म्हणत, आणि एखादे मोडले तर त्याचा दोष आचाऱ्याला देत. तोच हात आता ब्रेक डिस्कवरून फिरे. डिस्क अशी काही उजळून निघे की ती गाडीला लावण्यापेक्षा दिवाणखान्यात टांगावी.

पहिल्या दोन महिन्यांत विक्री चढली. शेठजी खूश होते. मग माल परत येऊ लागला.

आधी थोडा, मग रोज. खोकी उघडली की आत आमचाच माल, धडधाकट, आणि सोबत एकच कारण: 'फोटोप्रमाणे वस्तू नाही.' नाना खोक्यांकडे पाहून म्हणत, "मुलगी पसंत नाही म्हणतायत. पाहुणेच खोडीचे असतील." पण थोड्याच दिवसांत ऑनलाइन बाजाराची नोटीस आली: परतीचे प्रमाण महिनाभरात खाली आले नाही तर आमचे पान बंद. शेठजींनी ती वाचली, घडी घातली आणि मला बाजूला बोलावले.

"बेटा, पान बंद झालं तर मी परत काउंटरवर बसेन. माझं काही बिघडत नाही. पण मग नानासाहेबांना काम काय देऊ?"

हे वाक्य नानांनी ऐकले असावे. त्या रविवारी त्यांनी फोन बाहेर जाऊन घेतला.

मी जे येते ते केले: परत आलेल्या आणि न आलेल्या वस्तूंची तुलना. निष्कर्ष चमत्कारिक होता. नाना मध्यंतरी काही दिवस सुरतेला गेले असताना मी मोबाइलवर घाईघाईने जे फोटो काढले होते, ओळखपत्रावरच्या फोटोंसारखे निस्तेज, त्या वस्तू जवळजवळ परत आल्याच नव्हत्या. नानांनी ज्यांवर सर्वांत अधिक मेहनत घेतली होती, त्याच सर्वांत जास्त परतत होत्या. फोटो जितका सुंदर, तितका माल बेभरवशाचा. आकडेवारी स्पष्ट होती. कारण मात्र मला दिसत नव्हते, आणि नानांना हे कोणत्या तोंडाने सांगावे तेही कळत नव्हते.

ते काम धुळ्याकडच्या एका पिकअपवाल्याने केले. जळगावला माल टाकायला आला होता, तो थेट दुकानात शिरला. हातात आमचाच हेडलाइट, बाहेर उभ्या गाडीची एका बाजूची खोबण रिकामी.

"ताई, फोटो भारी शे," तो अहिराणीत म्हणाला. "पन हाऊ लाइट बसाडू ते मनी गाडीना दोन्ही डोया एकच बाजूले व्हतीन ना!"

दुकानातले सगळे हसले. तोही हसला, मग म्हणाला, "हसू नका, मना बठ्ठा दिन वाया गया."

मी त्याला काय मागवले ते विचारले. त्याला उजवा हेडलाइट हवा होता. वरचे इंग्रजी नाव त्याने वाचले नव्हते. आपल्या फुटक्या दिव्याशी ताडून पाहिला तो फोटो, आणि फोटोत त्याला हवा तसाच दिवा होता. मी त्याच्या हातातला दिवा घेतला आणि पडद्यावरच्या फोटोशेजारी धरला. दिवा डावा होता. फोटो, त्याच दिव्याचा फोटो, उजव्याचा दिसत होता. आरशात पाहावे तसा उलटा. शिवाय प्रत्यक्ष दिव्याच्या प्लास्टिकवर बाजू दाखवणारे अक्षर आणि क्रमांक ठसठशीत उमटवलेले होते. फोटोत त्या जागी नवजात बालकाच्या गालासारखी गुळगुळीत त्वचा होती.

"नाना," मी विचारले, "हा फोटो उलटा केलाय का?"

"केला की." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "पानावर हे दोघं शेजारी शेजारी येतात. तुझ्या पद्धतीनं लावले तर डावा तिकडे बघतोय, उजवा इकडे. भांडण झाल्यासारखं! अल्बममध्ये नवरी नेहमी नवरदेवाकडे बघते. तसं नसेल तर फोटो फिरवायचा. दोघांना समोरासमोर केलं."

"आणि नंबर?"

"फोटो फिरवला की अक्षरं उलटी दिसायला लागली. वाईट दिसत होती. पुसून टाकली."

मी पानावरचे बाकीचे फोटो पाहिले; त्यांच्याही खुणा अशाच पुसलेल्या होत्या. पिकअपवाल्याने दोन्ही हातांनी हवेत दोन दिवे धरून ते एकमेकांकडे वळवून पाहिले. "म्हंजे नाना," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमी यासनं लगीन लाई दिन्हं."

नाना हसले नाहीत. त्यांनी तो दिवा हातात घेतला आणि अंगठ्याने त्यावरचे अक्षर चाचपले, पुन्हा पुन्हा. शेठजींनी पिकअपवाल्याला योग्य दिवा दिला, चहा पाजला. या गडबडीत नाना कधी निघून गेले ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

मी स्कूटर काढली आणि त्यांच्या घरी गेले. दार उघडेच होते. पलंगावर सुटकेस पसरलेली आणि नाना सदऱ्यांच्या घड्या घालत होते; प्रत्येक घडी अल्बमच्या पानासारखी काटेकोर.

"सुरत?" मी विचारले.

"सोफा बोलावतोय."

"नोटिशीची मुदत अजून आहे. सगळे फोटो पुन्हा काढायचे आहेत."

"तू काढ. तुझे परत येत नाहीत म्हणे." त्यांना माझी आकडेवारी कळली होती तर.

"माझे परत येत नाहीत, नाना, कारण ते फारसे कोणी घेतच नाही. माझ्या फोटोत वस्तू ओळखू येते. तुमच्या फोटोत ती हवीशी वाटते. मला दोन्ही पाहिजे."

हे मी त्यांचे मन राखायला म्हटले नव्हते. विक्रीचे आकडे तेच सांगत होते. नानांनी एक सदरा उलगडला, त्याची पुन्हा घडी घातली.

"सायन्सबाई, मी उभा जन्म डाग लपवण्यासाठी दिवा लावलाय. समोरून, मऊ, भरपूर. ते माझ्या हातात बसलंय. दाखवण्यासाठी कसा लावतात, मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त या."

"एक अट. त्या संगणकाला मी हात लावणार नाही. माझा हात वाईट आहे, दिसेल ते पुसतो."

उपाय सोपा होता, निदान पुस्तकात. उमटवलेले अक्षर समोरच्या प्रकाशात विरघळते. दिवा बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून खाली आणला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि अक्षर उठून उभे राहते. मी दिवा टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणला. अक्षर उठले, पण वस्तूवरचा प्रत्येक ओरखडा, धुळीचा प्रत्येक कणही उठला. हेडलाइट अपघातातून आल्यासारखा दिसू लागला. मी कोन बदलत राहिले. नाना माझ्यामागे येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"अंतरपाट अर्धा काढ. अगं, अर्धाच! चेहरा झाकलेला राहू दे, नुसता कान उघडा पडू दे."

मी कापड सरकवले. काचेवर मऊ उजेड राहिला आणि कडेच्या प्लास्टिकवर तिरका किरण पडून क्रमांक काजळाने रेखल्यासारखा ठळक झाला. नाना वाकले, कॅमेऱ्यातून पाहिले आणि मोठ्याने तो क्रमांक वाचला, एकेक आकडा, शाळकरी मुलासारखा.

"वाचता येतोय!" ते म्हणाले. "बाजूपण कळतेय. काय ऐटीत बसलाय बघ, स्वतःचं नाव सांगून."

त्यानंतर नानांना वेडच लागले. कोणत्या भागावर खूण कुठे आहे हे ते आधी बोटाने चाचपून शोधत, मग त्या खुणेसाठी दिवा लावत. शेठजी डब्यातले भरीत-भाकरी घेऊन बोलवायला येत आणि तसेच परत जात. दोन हेडलाइट आता पानावर एकमेकांकडे पाठ करून बसले. "नांदतायत ना आपापल्या बाजूला, बस झालं," नाना म्हणत. मुदत संपेपर्यंत परतीची खोकी इतकी कमी झाली की नोटीस मागे घेतल्याचा निरोप आला. शेठजींनी पेढे वाटले. नानांनी सुरतेला फोन लावला, आणि या वेळी त्यांनी आवाज पूर्वीपेक्षाही चढा ठेवला.

"काम आहे."

एवढेच बोलून ठेवून दिला.

व्यक्तिचित्राच्या अखेरीस ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस निघून गेलेला असतो. इथे निघून गेले ती मी. मला हवी होती तिथे संशोधनाची जागा मिळाली आणि जळगाव सोडायचा दिवस आला. निरोप घ्यायला मी गोदामात गेले, तर दाराशी एक अनोळखी मध्यमवयीन गृहस्थ हात बांधून उभे. नानांचे नाक त्यांच्या चेहऱ्यावर होते. सणाला चार दिवस तरी वडिलांना न्यावे म्हणून ते सुरतेहून गाडी घेऊन आले होते.

आत नाना ट्रकच्या एका अवाढव्य सायलेन्सरचा फोटो घेत होते. दिवे मंद, कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे. अशा वेळी जमीन किंचित हादरली तरी फोटो बिघडतो. आमची चाहूल लागताच त्यांनी मागे न वळता एक हात वर केला. तळवा उघडा, बोटे ताठ.

आम्ही थांबलो. मी निरोपाचे दोन शब्द तयार करून आणले होते, ते तोंडातच राहिले. बाहेर रस्त्यावरून केळीचा एक ट्रक धडधडत गेला. नानांनी मान हलवली, शटर बंद केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हात तसाच वर.

"केव्हापासून उभे आहात?" मी त्यांच्या मुलाला कुजबुजत विचारले.

"बराच वेळ झाला," तेही कुजबुजले, आणि मग, मला वाटते थोड्या अभिमानानेच, म्हणाले, "काम आहे ना त्यांना."

आम्ही दोघेही श्वास रोखून उंबऱ्यावर उभे राहिलो.