चौथ्या चित्रातला ठिपका

आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे घरातही शेवटचा शब्द माझाच, असं मी धरून चाललो होतो. निवृत्तीनंतर सक्करदऱ्याच्या घरी लघुग्रह शोधायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हाही तसंच.

काम दिसायला सोपं. परदेशातल्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याची काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली चार चित्रं संगणकावर यायची. ती एकामागून एक फिरवून पाहायची. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरळ रेषेत सरकला, तर तो मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह असू शकतो. आपण तो सगळ्यांच्या आधी कळवला आणि पुढे काही वर्षांनी त्याची कक्षा पक्की झाली, तर नाव सुचवायचा मान आपला.

बायको दुपारी तांदूळ निवडत शेजारी बसायची. एकदा तिचा हात थांबला.

"अजी, तो कोपऱ्यातला पाहा. सरकून राहिला."

मी पाहिलं. तीन चित्रांत होता, चौथ्यात नव्हता.

"डाग हाय वं तो कॅमेऱ्याचा."

"चौथ्यात त्या मोठ्या ताऱ्यामागं गेला असन."

"तुले काय समजते त्यातलं?"

ती ताटात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "खरा निघाला तं त्याले माझं माहेरचं नाव देजा."

लग्नात तिचं नाव मीच बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, अशी आमच्याकडची रीत. नवं नाव आवडलं का, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. अडतीस वर्षांत तिने त्यावर चकार शब्द काढला नव्हता, म्हणून मला हसू आलं. मी हसलो आणि पुढचं चित्र उघडलं. ठिपका कळवला नाही.

दोनेक महिन्यांनी नव्या सापडलेल्यांची यादी आली. तोच तुकडा, तोच कोपरा, आणि शोध दुसऱ्याच कुठल्यातरी गटाच्या नावावर. चौथ्या चित्रात तो ताऱ्याच्या उजेडात झाकला गेला होता. तिने सांगितलं होतं तसाच.

तोवर तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि आमच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या होत्या. सलाइन लावून पडल्या पडल्या तिने विचारलं, "तो ठिपका धाडला का जी?"

"धाडला. तपासून राहिले."

वर्गात चुकलेल्या पोरांना मी कबूल करेपर्यंत उभं ठेवत असे. स्वतःवर पाळी आली तेव्हा माझी जीभ रेटली नाही. ती मात्र खूश झाली. नर्सलाही तिने सांगितलं, आमच्या घरी एक तारा सापडला म्हणून. तारा नव्हे, लघुग्रह, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पहिल्यांदाच मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी, ती डोळे मिटून पडली होती. सगळं खरं सांगून टाकायचं मी ठरवलं. लघुग्रह तर गेला, निदान नाव तरी परत द्यावं, असं वाटलं. तिच्या कानाशी वाकून मी तिला माहेरच्या नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने डोळे उघडले आणि मान वळवून दाराकडे पाहिलं.

"कोन आलं जी?"

"कोनी नाही," मी म्हटलं.