शिवणीतली माया

श्रीमहाकालीमातेला वंदन करून शेजारच्या मुलाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त हे लिहितो. तो जन्मला त्या सत्तरच्या दशकातले कपडे घालून सर्वांनी यावे, असे ठरले होते.

त्याचे वडील बल्लारपूरच्या कागद गिरणीतून निवृत्त झालेले. प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देण्याची त्यांना सवय. दिवंगत पत्नीने शिवलेली बेलबॉटम त्यांनी पेटीतून काढली, पण कंबर जुळेना.

"बाबा, भाड्यानं दुसरी आनू ना," सून म्हणाली.

"दुसऱ्याची घालू काय? नाई घालत. मले हेच पायजे."

हिरमुसून त्यांनी पँट उलटी केली, शिवण चाचपली आणि एकदम उजळून मला म्हणाले, "गुरुजी, पाहा! तिनं माया ठेवली हाये!"

शिवणीत राखलेल्या जास्तीच्या कापडाला आपण माया म्हणतो. शास्त्राच्या आधारे मी मायेला आयुष्यभर भ्रम म्हणत आलो. ही मात्र दोन बोटे रुंद होती आणि तिचा रंगही विटला नव्हता.

पत्नीचे टाके त्यांनी स्वतःच हळूहळू उसवले. निघालेला दोरा टाकला नाही, खिशात ठेवला. नवी शिवण घातल्यावर समारंभात पँट नीट बसली होती.

वाचकहो, आपल्याही घरी कुणीतरी अशी माया राखलेली असो, आणि ती वेळेवर हाती लागो.